बोकडानं उपटलेली दाढ

बकरीचा ओठ उचलून तिचं वय सांगनारा माह्यासारखा मानूस नांदुऱ्याच्या चारही आंगाले सापडनार नाही. माह्या सोताच्या तोंडातली कोनती दाढ ठेवा अन् कोनती काढा, थे मात्र डोक्याचे केस पांढरे झाले तरी मले समजलं नाही.

मी तुळशीराम. बकऱ्यायच्या बजारात दलाल हाये. दलालाचं काम असं, का घेनाऱ्याले वाटलं पाह्यजे बकरी सस्तात भेटली, अन् इकनाऱ्याले वाटलं पाह्यजे महाग गेली. बकरी तीच. मधात फक्त माह्यं तोंड. म्हून माह्यं पोट तोंडावर हाये, अन् हे सारं रामायन बी तोंडाचंच हाये.

शाळेत मी गेलो नाही असं नाही. बकऱ्या घेऊन रोज शाळेच्या मांगून गेलो. हे सारं माही पोट्टी, कविता तिचं नाव, लिव्हून घेऊन राह्यली. तिले म्हटलं, जसं बोलतो तसंच लिव्ह, सुदरवू नोको. ती म्हने, "बाबा, तुमाले सुदरवनं जमलं असतं तं आईनं आतापावतर सोडलं असतं का?"

ज्यायनं तोंडाच्या कॅन्सरसाठी शेक घेतला, त्यायच्यासाठी सांगून राह्यलो. मले बी सांगतलं होतं. मी आयकलं नाही. तुमी आयका.

शेक

गालात गाठ निंघाली तवा मी दिवसाले किती खर्रे खाओ, थे इचारू नोका. सुपारी, तंबाखू, चुना घोटून पुडी बांधतात, थो खर्रा. माह्या गालात बकरीच्या गालावानी सदानकदा काहीतरी भरेल राहे. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात गाठ कापली अन् मंग रेडिएशन देल्लं. आमच्याकडं त्याले शेक म्हनतात. शेक म्हटलं का वाटते, मानूस चुलीपाशी बसला. तसं काही नाही. तोंडावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवतात, हालू देत नाहीत, मशीन घुंई करते, अन् उठा म्हनतात. दुखत नाही. दुखनं मांगून येते, लग्नातल्या रुसलेल्या पाहुन्यावानी, सारे जेवून गेल्यावर.

माही थुकी आटली. चव गेली. तोंड कमी उघडायले लागलं. पन कॅन्सर गेला. दवाखान्यातून सुट्टी देल्ली त्या दिवशी डॉक्टरीन बाईनं सांगतलं, "काका, यापुढे कुठलाही दात काढायचा असेल, तर आधी आम्हाला विचारायचं. शेक दिलेलं हाड आयुष्यभर नाजूक राहतं."

फुलाच्या, म्हनजे माह्या बायकोच्या डोक्यात थे वाक्य बसलं. नाव तिचं पंचफुला, पन एवढं लंबं नाव घ्याले मले कधी येळ भेटला नाही. माह्या डोक्यात बसलं का कॅन्सर गेला. बाकीचं मी आयकलंच नाही. मी पिशवी उचलत होतो.

बोकड

काही साल चांगले गेले. मंग शेक देल्लेल्या आंगाची खालची एक दाढ हालायले लागली. रातंदिवस जीभ तिथंच.

बजार उठत आला होता. निंबाखाली आमी पाचसहा जन बसेल होतो. रशीदभाई माहा जोडीदार. थो जनावर पाह्यते, मी तोंड चालवतो, असा आमचा धंदा. थो म्हने, "तुळश्या, दातवाल्या डॉक्टरले दाखव ना बे."

मी म्हटलं, "बकऱ्यायचे दात पाहू पाहू माही जिंदगी गेली, अन् माहा दात दुसऱ्याले दाखवू? सुतळी आन."

सुतळीचं एक टोक दाढेले बांधलं. दुसरं टोक एका काळ्या बोकडाच्या गळ्यातल्या पट्ट्याले. मी जमिनीवर उकिडवा बसलो. रशीदभाईनं बोकडाच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. बोकड हाललं नाही. त्यानं मान वळवून माह्याकडं पाह्यलं, का हा मानूस कोन होय अन् ह्याच्या तोंडातून दोरी काऊन निंघाली. लोक हासू हासू लोळले. हाशी आयकून आनखीन लोक जमले. मी दोन्ही हातानं खूण केली का हान. रशीदभाईनं काठी हानली, अन् बोकड सुटलं.

दाढ त्याच्या मांगं फरफटत गेली. मी उठून उभा राह्यलो अन् साऱ्यायले रामराम केला. लोकायनं टाळ्या वाजवल्या. त्या बोकडाले गिऱ्हाईक बी लगेच भेटलं.

घरी आल्यावर फुलानं गाल पाह्यला. "दाढ काढली? दवाखान्यात फोन करून इचारलं होतं का?"

"बोकडाले इचारलं," मी म्हटलं.

ती हासली नाही. बाईच्या जातीले गंमत समजत नाही, असं मले त्या दिवशी वाटलं.

भोक

दाढ गेली, भोक राह्यलं. हप्ते गेले, भरेच ना. जीभ लावली का आतमधी काहीतरी खरखरीत लागे. वास येये. घरात कोनी बोललं नाही, पन कविता माह्याजवळून जाताना श्वास धरून जाये. मी तिच्यासंग बोलताना तोंडावर रुमाल धरायले लागलो, अन् ती म्हने, "बाबा, नका न धरू," अन् दोन पावलं मांगं सरे.

मंग खालचा ओठ झोपला. बसून बसून पायाले मुंग्या येतात, त्याच्यानंतर पाय लाकूड होते, तसा ओठ लाकूड झाला. चहा प्यालो का हनवटीवरून गळे अन् मले पत्ता नाही. बजारात लोक माह्याकडं पाहून हासत. मले वाटे, आज माही गोष्ट लय जमून राह्यली.

एक डाव आरशात पाह्यलं तं हनवटीले सकाळच्या वरनाचा पिवळा थेंब वाळेल होता. दुपार झाली होती. तेवढ्या येळात मी चार सौदे केले होते.

तपासनीचा दिवस

नांदुऱ्याहून नागपूरच्या गाडीत बसलो तवा कॅन्सर हा शब्द कोनी काढला नाही. फुला खिडकीतून कपाशी पाहे. मी समोरच्या मानसाले गोष्टी सांगे. अकोला गेलं, थो मानूस झोपला, मी सांगतच होतो.

दवाखान्यात डॉक्टरायनं मांसाचा तुकडा काढून तपासाले देल्ला, फोटो काढले, अन् काही दिवसानं परत बलावलं. डॉक्टरीन बाई तीच होती. तिनं आंधी एकच वाक्य सांगतलं, "काका, कॅन्सर परत आलेला नाही."

फुलाले हासू बी आलं अन् रडू बी आलं, तिनं पदर तोंडाले लावला. मी उठलो. म्हटलं, "चाल, दुपारची गाडी भेटते."

"बसा काका," बाई म्हने. "पण जबड्याचं हाड मेलंय. शेकामुळं तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच सुकलेल्या असतात. दात काढला की ती जखम भरायला रक्त पोचत नाही. दात कुणी काढला?"

"बोकडानं."

बाईनं फुलाकडं पाह्यलं. मंग फुलानं खाली मान घालून, हळू आवाजात सारं सांगतलं. सुतळी, पट्टा, काठी, टाळ्या. तीच गोष्ट, पन फुलाच्या तोंडून आयकली तं तिच्यात हासन्यासारखं काहीच नव्हतं. बाई बी हासली नाही. तिनं मले खेकसलं असतं तं बरं झालं असतं. तिनं फक्त पेनाचं टोपन लावलं.

मंग तिनं दोन रस्ते सांगतले. आंधी गोळ्या. एक गोळी रक्ताले बारीक बारीक जागी पोचवनारी, एक पिवळी मऊ, जीवनसत्त्वाची. म्हयने लागतीन. काही जनायले गुन येते, काहीयले येत नाही. नाही आला, तं खालचा जबडा अर्धा कापून काढा लागते अन् पायाच्या हाडकाचा तुकडा तिथं बसवतात.

फुलानं इचारलं, "मंग बोलता येईन का ह्यायले?"

"थोडं येईल. पहिल्यासारखं येईल का, ते सांगता येत नाही."

मले काही वाटायले पाह्यजे होतं. दलालाचं तोंडच गेलं तं त्याचं काय राह्यलं? पन मी खिडकीतल्या कुंडीकडं पाहत होतो. कुंडीत तुळस होती अन् तिले पानी घातलेलं नव्हतं. मी बाईले म्हटलं, "तुळशीले पानी घाला, वाळून राह्यली." त्या दिवशी मी तेवढंच बोललो. दवाखान्यातून टेशनपावतर फुलानं माह्या बाहीले धरलं होतं, हे मले तिनं मांगून सांगतलं.

डायवर

दवाखान्यात आमच्यावानी जुनेच लोक भेटतात. दर खेपीले तीच बाकडी, तेच चेहरे, फक्त गमछे बदलेल. तिथं देऊळगाव राजाचे एक यष्टीचे डायवर होते. त्यायचा जबडा काढलेला होता. बोलनं समजे ना, म्हून थे हातानं बोलत. डाव्या हातानं स्टेरिंग धरल्यासारखं करून उजव्या हातानं गेर टाकत, म्हनजे आज तब्येत बरी हाये. हात खिडकीबाहीर काढून वरखाली केला, म्हनजे हळू, पुढं खड्डा हाये.

त्यायच्या बायकोनं केळं दुधात कुस्करलं अन् मोठ्या सिरिंजनं त्यायच्या गालात सोडलं. मंग हनवटी पुसली. पुसताना ती माह्या फुलासंग हळदीच्या भावाचं बोलत होती, पुसनं अन् बोलनं संगंच. फुला "हाव, हाव" करे, पन तिचा डोया त्या सिरिंजवर होता.

मी डायवरायले बोकडाची गोष्ट सांगतली. त्यायच्या डोयाले हासून हासून पानी आलं. दवाखान्यात माह्या त्या गोष्टीवर हासले, थे एकटेच. मंग त्यायनं माह्या गालाकडं बोट दाखवलं, अन् हात खिडकीबाहीर काढून वरखाली केला. हळू. पुढं खड्डा हाये.

मले भेव वाटलं नाही. भेव वाटत नाही ह्याचंच थोडं नवल वाटलं. तोंड चालू होतं, अन् मी त्याच्या मांगं कुठंतरी बसेल होतो, बंद दुकानाच्या पायरीवर बसल्यावानी.

खाली चहावाला होता. त्यानं पह्यल्याच दिवशी, मी काही न सांगता, कपासंग बशी देल्ली. कप माह्या तोंडात नीट बसत नाही, थे त्याले लांबूनच दिसलं असंन. दुसऱ्यायले थो बशी देत नव्हता. अशा बारीक गोष्टी मले याद हायेत. मोठ्या गोष्टी फुलाले इचारा लागतात.

गोळी

गोळी मोठी होती अन् माह्या तोंडात थुकीचा थेंब नाही. पह्यली गोळी टाळूले चिकटली ती निंघेच ना. बोटानं काढावं तं बोट आत जात नाही. मी म्हटलं, एवढं डोकं कायले खर्च करा. बकरीले औषध कसं देतो आपन? कुटतो, गुळाच्या पान्यात घोळतो, बाटलीत भरतो, अन् गालाच्या कोपऱ्यातून सोडतो. बकरी कुरकुर करत नाही.

फुला नळावर गेली होती. मी खलबत्त्यात गोळी कुटली, गुळाचं पानी केलं, अन् बकऱ्यायचीच बाटली घेतली. धुवून घेतली होती, तेवढं लिव्ह कविता. गटागटा प्यालो. जेवलो नव्हतो.

थोड्या येळानं तोंड तापलं, कान तापले, अंगन गरगर फिरायले लागलं. मी गोठ्याचा खांब धराले गेलो, थो सापडला नाही, अन् बकऱ्यायमधी आडवा झालो. उलटी झाली. एक शेळी येऊन माहा कान हुंगत होती. फुला आली, तिच्या हातातला हंडा पडला, अन् मी तिले म्हटलं, "घाबरू नोको, भाव करून राह्यलो."

कवितानं नागपूरले फोन लावला. डॉक्टरीन बाईचा आवाज साऱ्या घरात आयकू आला. "काका, ती गोळी फोडायची नाही, कुटायची नाही! ती पोटात हळूहळू विरघळायला केलेली असते. तुम्ही सगळं औषध एकदम पोटात घातलंत. जेवणानंतर, अख्खी गिळायची."

"आता कोनाले इचारून कुटली होती?" फुलानं इचारलं. "बोकडाले?"

त्या दिवसापासून गोळ्या तिच्या ताब्यात गेल्या. जेवन झालं का ती गोळीले तूप लावे, माह्या जिभेवर मांगं ठेवे, पानी दे, अन् गिळेपावतर समोर उभी राहे. मंग आईस्क्रीमच्या काड्या. दवाखान्यातल्या पोरीनं शिकवलं होतं, काड्या एकावर एक ठेवून दातात धरायच्या, म्हनजे तोंड हळूहळू उघडते. मी काड्या धरून बसो अन् घरात शांतता. तेवढ्या येळात मले बोलता ये ना.

गोळ्या घेऊन रोज मळमळे. गुन काहीच दिसे ना. पह्यला म्हयना गेला, दुसरा गेला. भोक तसंच, हाड तसंच, ओठ तसाच. कोनी गोळ्या घेत असंन तं त्याले एवढंच सांगतो, हा काळ लय चपटा असते. त्यात रडनं बी नाही अन् हासनं बी नाही. सकाळ होते, तूप लावतात, गिळतो.

रुमाल

रशीदभाई घरी येत नव्हता. आला होता एक डाव, जबडा कापा लागते का काय, असं मी त्याले सांगतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. फुला दारात उभी राह्यली. तिनं बस बी म्हटलं नाही.

"रशीदभाऊ, ह्यायले अक्कल नाही हे मले माहीत हाये. पन तुमाले काठी हानायची काय जरूर होती?"

त्याची चप्पल पायात तशीच होती, थो वळून गेला. मी आतून आयकत होतो. मी म्हनायले पाह्यजे होतं, का मीच खूण केली होती, दोन्ही हातानं. तोंडात आईस्क्रीमच्या काड्या होत्या. काड्या काढता आल्या असत्या. काढल्या नाही.

मंग बजारात थो माह्यासंग कामापुरतं बोले. माह्या तोंडून आवाज कमी निंघे, तारीफ जमे ना, गिऱ्हाईक दुसऱ्या दलालाकडं जाये. पन भाव ठरवाले तोंड लागत नाही. आमच्या बजारात भाव बोलून दाखवत नाहीत. दोघांच्या हातावर रुमाल टाकतात अन् रुमालाखाली बोटं धरून सांगतात, का आजूबाजूच्याले समजू नये. कोनतं बोट, किती बोटं, त्यात सारं येते.

एक दिवस एका पाटीसाठी, पाट म्हनजे जवान बकरी, मी इकनाऱ्याकडून उभा होतो अन् रशीदभाई घेनाऱ्याकडून. त्यानं रुमाल टाकला. मी वाट पाहून राह्यलो का थो कोनतं बोट दाबते. त्यानं बोट दाबलं नाही. त्यानं माहा अख्खा पंजा हातात घेतला अन् धरून राह्यला. लोक पाहून राह्यले होते. लोकायले वाटलं, सौदा लय ताना-तानीचा हाये.

मी हळूच इचारलं, "हा कोनता भाव होय बे?"

"चुप बस," थो म्हने. त्याची मान खाली होती अन् त्याच्या दाढीतून पानी गळत होतं. ऊन नव्हतं, म्हनजे घाम नसंन.

मी पाटीच्या कानाकडं पाहत राह्यलो. कानावर पांढरा ठिपका होता. मले तवा बी काही वाटलं नाही. पन हात मी काढला नाही, अन् त्यानंही काढला नाही, अन् थो पाटवाला म्हने, "आवो, तुमी दोघं सांजपावतर असेच उभे राह्यता का?"

घरी येऊन मी फुलाले सांगतलं, का खूण मी केली होती. तिनं गोळीले तूप लावलं. "माहीत हाये," ती म्हने. "तोंड उघडा."

खडा

असंच चाललं होतं. एक दिवस जेवाले बसलो. खिचडी होती, मऊ, तूप टाकेल. तिसऱ्याच घासाले दातात कचकन खडा आला. माह्या डोक्यात एकदम काय सनक गेली, कोन जाने. कितीतरी दिवसात मी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "डाळ निवडता येत नाही का? ज्याच्या तोंडात जखम हाये त्याले खडे चारता? डोये कुठं असतात तुमच्या मायलेकीचे?"

कविता उठून आत गेली. फुलानं माह्यासमोर तळवा धरला. मी त्यावर खडा थुकला. तिनं थो पान्याखाली धरला, उजेडात पाह्यला, उलटा केला. शेंगदान्याच्या फोलावानी पातळ, पिवळा, एका आंगानं दातेरी.

"हे डाळीतलं नाही," ती म्हने. "हे तुमचं हाये."

मी जीभ लावली. जिथं इतके म्हयने खरखर लागे, तिथं काही लागलं नाही.

आता ह्याचा अर्थ काय, थे आमाले दोघायले बी समजे ना. जबडा तुटून पडाले लागला का काय? फुलानं हिंगाची डबी रिकामी केली, कापूस घातला, अन् माह्यं हाडूक त्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी गाडीत ती डबी तिनं दोन्ही हातानं मांडीवर धरून ठेवली होती. समोरची बाई म्हने, "परसाद हाये का?" फुलानं "हाव" म्हटलं. मी गोष्टी सांगतल्या नाही. अकोल्यापासून माही नजर त्या डबीवरून हटे ना, अन् वर्धा येईपावतर मले समजलं का हे भेव होय. इतक्या दिवसांनी आलं, तं ओळखू आलं नाही.

डॉक्टरीन बाईनं डबी उघडली अन् नाक मांगं घेतलं. हिंग. मंग बत्ती लावली. जेवढं उघडते तेवढं माह्यं तोंड उघडलं अन् लोखंडाच्या बारीक काडीनं आत टोचून पाह्यलं. फुला भिंतीले टेकून उभी होती. बाई लय येळ पाहत राह्यली. मी तिच्या भिवया पाहत होतो.

"मेलेला तुकडा होता," ती म्हने. "शरीरानं स्वतःच सोडून दिला. खाली नवं मांस धरलंय. हाड झाकलं गेलंय."

"मंग कापाचं?" फुलानं इचारलं.

"आत्ता कापायची गरज नाही. गोळ्या अजून काही महिने चालू ठेवायच्या. आणि काका, दात हलला तर?"

"तुमाले इचारतो."

"कुणाला नाही विचारायचं?"

मी सांगतलं. ह्या खेपीले ती हासली. हासता हासता तिनं फोटो काढाले पाठवलं, अन् फोटोत बी बाकीचं हाड जागेवर होतं.

खाली आलो. चहावाल्यानं बशी देल्ली. पह्यला घोट घेतला अन् ओठाच्या डाव्या कोपऱ्याले चटका बसला. बारीकसा. बाकी ओठ अजून झोपेलच हाये, अन् बाई म्हनते, थो तसाच राहू शकते. मी तिथंच बशी हातात घेऊन उभा राह्यलो. फुलाले सांगतलं नाही. ती म्हनली असती, फुकून प्या.

आता

बरा झालो असं म्हनत नाही. तोंड कमीच उघडते. पान्याची बाटली संगं ठेवा लागते, भाकर दुधात भिजवा लागते, हनवटी पुसा लागते. गोळ्या चालूच हायेत. ज्यायले गुन आला नाही, असे लोक मी त्याच बाकड्यावर पाह्यले, त्यायचं काही चुकलं नव्हतं. माह्यं सारं चुकलं होतं, तरी मले आला. ह्याचा हिशोब मले लागत नाही.

तुमी शेक घेतला असंन तं दाताले हात लावू देऊ नोका, आंधी कॅन्सरच्या डॉक्टरले इचारा. तोंडात जखम भरत नसंन, ओठ झोपला असंन, तं जत्रा भरवू नोका, दवाखान्यात जा. गोळी अख्खी गिळा, जेवून गिळा. अन् घरातलं कोनी समोर उभं राहत असंन, तं उभं राहू द्या.

हे लिव्हनं चालू होतं तवा रशीदभाई ओसरीवर बसेल होता. आजकाल थो येते. पह्यल्या दिवशी फुलानं त्याच्या चहात मुद्दाम साखर कमी टाकली, आता बरोबर टाकते. मी कविताले म्हटलं, "आता शेवटी मोठ्या अक्षरात लिव्ह, का तुळशीरामनं कॅन्सरले हारवलं, अन् मंग मेलेल्या हाडकाले बी हारवलं."

रशीदभाईनं कप खाली ठेवला.

"तुनं काय हारवलं बे? गोळ्या डॉक्टरीननं देल्ल्या, चारल्या भाभीनं. तुनं नुसता आ केला. अन् थो बी अर्धाच."